शेवटच्या धुण्याचं पाणी

इंदोरा, नागपूर
८ मे १९८३, रविवार

प्रिय जया,

हे पत्र आत्ता बाजूला ठेव आणि आधी तुझ्या शिपायाने, चंपतरावाने, आणून दिलेलं पार्सल सोड. गाठ कात्रीने कापू नकोस, नखाने सुटते. आत तीन वस्तू आहेत. एक नळी आहे, फडक्यात गुंडाळलेली, तू मागितलीस ती. एक काचेची बशी आहे, जंतू उगवायला आगर ओतलेली, झाकणावर तुझं नाव लिहिलेली. तिसरी पुडी आईची आहे, तिचं नंतर सांगते. नळीला इतक्यात हात लावू नकोस. बशीचं झाकण उचल आणि उजव्या हाताची पाचही बोटं त्या आगरावर हलकेच टेकव. साबण नको, स्पिरिट नको, नळाखालून हात काढणंही नको. खुर्चीत बसली आहेस तशीच. मग झाकण लाव, बशी उलटी करून इन्क्युबेटरमध्ये ठेव आणि दार लोटून वाचायला बस. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस ना, तुझी कुठलीही अट मला मान्य आहे म्हणून? मग ही माझी अट समज. मला तुझा सत्कार नको, लेखात नाव नको. पाच बोटं टेकव, बस.

टेकवलीस? मग वाच.

तुझी चिठ्ठी मंगळवारी मिळाली. बारा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, गोल गोल, कितीही घाई असली तरी शिरोरेघ न सोडणारं. मजकूर मात्र दोनदा वाचावा लागला, कारण विभागप्रमुख बाईंनी माझ्यासारखीकडे काही मागावं ही गोष्ट पटकन डोक्यात शिरत नाही. तर तुझं म्हणणं असं, की आमच्या दारातल्या गुळवेलीच्या आत जो जंतू सापडला होता, पेनिसिलिनला न जुमानणारे पू करणारे जंतू ज्याच्यापुढे टिकत नव्हते, त्याच्या तुझ्याकडच्या सगळ्या नळ्या मेल्या. गुरुवारी मुंबईहून औषध कंपनीची माणसं येणार. त्यांना कागद नकोत, जंतू हवा, जिवंत. तो दाखवता आला तर उद्या त्याचं औषध होईल आणि तुझं नाव होईल. नाही दाखवता आला, तर आजवर तू जे जे छापलंस ते सगळं बनावट ठरेल. आणि माझ्याकडे अजून एक नळी आहे असं तुला "कुठूनसं कळलं". कुठूनसं कशाला म्हणतेस? आमच्या लॅबमधल्या प्रमोदिनीच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या नागपूरला ठाऊक आहे. असो. बातमी खरी आहे. तो जंतू माझ्याकडे आहे आणि दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

आपल्या जुन्या मैत्रीची आठवण तू दिलीस, बरं केलंस. मीही जरा देते. तुला सायकल मी शिकवली, अंबाझरीच्या रस्त्यावर. पडून तुझं कोपर फुटलं तेव्हा मी माझ्या नव्या पातळाचा पदर फाडून बांधला, आणि तू रडायचं सोडून पदर फाटला म्हणून मलाच रागावलीस. सीताबर्डीवर चपला घ्यायच्या तुला असायच्या, पण दुकानदाराशी भांडायला मी लागायची. तुझ्या धरमपेठच्या घरी तुझी आई मला बाहेरच्या ओट्यावरच बसवायची. तेव्हा तूही आत न जाता माझ्याजवळ ओट्यावर बसून राहायचीस, आईने हाका मारल्या तरी. हे मी विसरलेली नाही. विसरले असते तर आजचं काम सोपं झालं असतं.

पण तुझे ते उपास! सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. बुधवार रिकामा उरला होता, तर बुधवारी तुझं पोट दुखायचं. मी माझा डबा उघडला, की तुला उपास आठवायचा. मग तुझा डबा तू माझ्यापुढे सरकवायचीस आणि आग्रह करकरून मला खाऊ घालायचीस. उपास असलेल्या बाईच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी कशी, असं मी एकदाही विचारलं नाही. मला तू आवडायचीस, जया. जे माणूस आपल्याला आवडतं त्याच्याकडे कोणी हिशेब मागत नाही. घरी मात्र आई विचारायची, तुह्या मैत्रिणीनं भाजी खाल्ली का वं? मी सांगायची, तिला उपास होता. आई म्हणायची, लय देवभोळी पोरगी हाय.

त्या वेळचं काम आठवतं? आपले मार्गदर्शक डोर्लीकर सर. त्यांनी मला औषधी झाडांचे अर्क काढून ते जंतूंवर टाकून पाहायला सांगितलं होतं. आमच्या दारातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल मी नेली. त्याच वेलीचा काढा आई सगळ्या गल्लीला तापात द्यायची. तिच्या अर्काने पूचे जंतू मरायचे. सेमिनरी हिल्सवरच्या गुळवेलीने मरत नव्हते. तुझ्या मामाने काटोलहून आणलेल्या गुळवेलीनेही नाही. पान तेच, खोड तेच, चव तितकीच कडू. मग आमच्याच वेलीत काय वेगळं होतं? ते शोधायला मी वेल चिरून आतला तुकडा आगरावर ठेवला. त्याच्या कडेने साईसारखा एक थर उगवला, आणि त्या थराच्या भोवती पूचे जंतू उगवायला तयार होईनात. बांगडीएवढं मोकळं कडं सोडून सगळे पलीकडे. म्हणजे औषध वेल करत नव्हती. वेलीच्या पोटात कोणी बिऱ्हाड करून राहिलं होतं, ते करत होतं. मी पळत तुझ्याकडे आले, आणि आपण दोघींनी त्या बशीवर डोकं डोक्याला लावून पाहिलं होतं.

आता आतलंच उगवलं, बाहेरचं नाही, हे कशावरून? त्यासाठी ते धुणं होतं. आधी नळाचं पाणी, मग स्पिरिट, मग रसकापराचं पाणी, ज्यात बाहेरचा कुठलाही जंतू जगत नाही, आणि मग उकळून निवलेल्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळणं. शेवटच्या धुण्याचं पाणी फेकायचं नाही. ते वेगळ्या बशीत ओतून ठेवायचं. त्या बशीत काही उगवलं नाही, तर वेलीचं अंग स्वच्छ, धुणाराचे हात स्वच्छ, आणि चिरलेल्या तुकड्यातून उगवलं ते आतलंच. सगळ्या कामाचा भरवसा त्या शेवटच्या पाण्यावर. माझी ती बशी दर वेळी कोरी निघायची. मी कितीदा करून पाहिलं ते तुला माहीत आहे, कारण बशा धुवायला तूच मदत करायचीस.

सरांनी तुकड्याची बशी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि ठेवून दिली. बाहेरची घाण आहे, म्हणाले. मी शेवटच्या पाण्याची बशी पुढे केली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं माझ्या हातांकडे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग एक दिवस, सगळे उभे असताना, म्हणाले, "स्वच्छतेच्या सवयी घरून येतात, गोपिका. त्याला तुमचा इलाज नाही." किती सभ्यपणे म्हणाले! शिवी दिली असती तर मी उलटून चार शब्द बोलले असते. माझ्या वडिलांनी, धोंडबांनी, छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी दहा वर्षांची होते. दीक्षाभूमीवरून येताना ते मला खांद्यावर घेऊन सांगत होते, की आजपासून कोणाची मान खाली नाही. मिलमध्ये दुहेरी पाळ्या करून त्यांनी मला त्या लॅबच्या दारापर्यंत आणलं. आणि तिथे मी मान खाली घालून आपल्या तळहातांकडे पाहत उभी होते.

तेव्हा तू पुढे आलीस. म्हणालीस, सर, मग हातांचीच परीक्षा करू ना, माझेही ठेवते, गोपिकाचेही ठेवते. मला वाटलं, माझी बाजू घेते आहे. इतकं बरं वाटलं मला, की त्या परीक्षेला काही अर्थ नाही हेसुद्धा सुचलं नाही. कोणाच्याही बोटांवर जंतू असतातच, हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कळतं. दोन्ही बशांवर उगवेल, सर हसतील आणि विषय संपेल, असा मी विचार केला. मी बोटं ठेवली. तू मात्र आधी बेसिनकडे गेलीस. वळून मागे पाहिलंस, पण समोरच्या कपाटाच्या काचेत पाहिलं नाहीस. तिथे मला तू पूर्ण दिसत होतीस. स्पिरिटच्या भांड्यात बोटं बुचकळलीस, हवेत हलवून वाळवलीस आणि हसत हसत येऊन बशीवर ठेवलीस. मला वाटलं, घाबरली असेल बिचारी.

दुसऱ्या दिवशी तुझी बशी कोरी होती आणि माझ्या बशीवर पाच बोटं उगवली होती, पिवळी-पांढरी, अंगठ्याची सर्वांत दाट. सरांनी ती फॉर्मॅलिन घालून टिकवायला लावली आणि दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवली, नव्या मुलांना हात धुण्याचं महत्त्व कळावं म्हणून. खाली चिठ्ठी होती, "कु. गोपिका लोणारे यांच्या उजव्या हाताचा ठसा". चिठ्ठी कोणाच्या अक्षरात होती ते सांगायला नको. शिरोरेघ कुठेही सुटली नव्हती. येणारा-जाणारा ती वाचायचा आणि मग माझा हात कुठे आहे ते पाहायचा. कॅन्टीनवाल्याने माझ्यासाठी ग्लास वेगळा काढून ठेवला. आता तू चिठ्ठीत लिहितेस, की "तेव्हा तुझ्यावर अन्याय झाला, पण सरांपुढे मी काय करू शकणार होते?" काही न करता आलं असतं की! बोटं कोरडी ठेवता आली असती. स्पिरिटमध्ये बुडवायला सरांनी सांगितलं नव्हतं.

मी लॅब सोडली. निघताना सरांच्या हुकमाने माझ्या सगळ्या बशा बादलीत गेल्या असं तू मला सांगितलंस, आणि त्यातल्या चांगल्या बशा कुठे गेल्या ते मला चार वर्षांनी तुझा प्रबंध पाहून कळलं. एक नळी मात्र मी आधीच बाहेर काढली होती. कशातून माहीत आहे? माझ्या जेवणाच्या डब्यातून. खाली नळी, वर भाकरी. साऱ्या लॅबमध्ये तीच एक जागा होती जिथे तुझा हात कधी पोचला नसता. तू दारापर्यंत मला सोडायला आलीस, डबा हातात घेऊ का म्हणून विचारलंसही नाहीस.

मग मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागले. अजून तिथेच आहे. विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांतून येतं, आम्ही त्यात काय उगवतं ते पाहतो, आणि पिण्यास योग्य असेल तर खाली सही करतो. धरमपेठेतल्या पाण्याच्या कागदावर बहुतेक वेळा माझीच सही असते. डोर्लीकर सर वारले तोपर्यंत माझ्या हाताखालून गेलेलं पाणी प्यायले, आणि तू अजून पितेस. ही गोष्ट मला कधी कधी इतकी आवडते, की मी एकटीच हसते आणि प्रमोदिनी विचारते, काय झालं?

तो जंतू मी तिथल्या फ्रिजच्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या डब्यात ठेवला. त्याला नवं आगर लागतं, नाही तर तो थकतो, विसरतो, एक दिवस मरतो. म्हणून दर काही आठवड्यांनी जुन्या नळीतून नव्या नळीत. उन्हाळ्यात वीज गेली, की फ्रिजला ओली गोणपाटं गुंडाळून मी त्याच्याजवळ बसायची. वडील वारले त्या आठवड्यातही मी एकदा जाऊन आले. लग्नाच्या गोष्टी आल्या, फिरल्या, मग यायच्या थांबल्या. त्याला जंतू कारण नव्हता, पण गावाहून बोलावणं आलं, की मला आधी त्या डब्याची काळजी लागायची. त्यावर काम करायला माझ्याकडे ना यंत्रं होती ना परवानगी. नुसता जगवला. कशासाठी म्हणशील, तर कधी तरी कोणी तरी येऊन शेवटच्या पाण्याची ती बशी बघायला मागेल, एवढ्या आशेवर.

तू काम केलंस. खोटं नाही म्हणणार, चांगलं केलंस. प्रबंध मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचला. "शेवटच्या धुण्याच्या पाण्याची चाचणी हा या संशोधनाचा कणा आहे," असं तू लिहिलं आहेस. पुढे त्या कोऱ्या बशांचे फोटो आहेत. दोन फोटोंत बशीच्या कडेला माझ्या हाताने लिहिलेली तारीख दिसते, ती खोडायची तुला आठवण राहिली नाही. आभाराच्या पानावर सर आहेत, सासरे आहेत, बागेचा माळी आहे. मी शेवटपर्यंत पाहिलं. मग पुस्तक जागेवर ठेवून घरी आले आणि आईला सांगितलं, की जया डॉक्टर झाली. आईने गल्लीत साखर वाटली.

हे सगळं असूनही मी तुला नळी दिली असती. हो, खरंच सांगते, दिली असती. पण दोन वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, तू आमच्या घरी आलीस. मी कामावर होते, आणि मी कामावर असते हे तुला माहीत होतं. जीप गल्लीत शिरली तेव्हा आई दारात गहू निवडत होती. तू तिच्या पाया पडलीस, संत्र्यांची टोपली ठेवलीस, खाटेवर बसलीस, आणि आईच्या हातचा चहा प्यालीस. पहिल्यांदा! मग वेल मागितलीस. आई म्हणाली, घेऊन जा वं पोरी, वेलच तं हाय. तिला वाटलं, चार हात नेशील. तुझ्या माणसांनी बुडापासून तोडली, कडुनिंबावर चढून शेंड्यापर्यंत ओढून काढली, एक धागा वर ठेवला नाही. गुळवेलीचा एक तंतू लोंबत राहिला तरी ती पुन्हा जमिनीला लागते, म्हणून तर अमृता म्हणतात तिला. पण तुम्ही झाड पुसून काढल्यासारखं काढलं. दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून ना?

जाताना तू आईला म्हणालीस, रविवारी जेवायला येते, तुमच्या हातची पाटोडी खायची आहे. का म्हणालीस? वेल तर मिळाली होती. त्या रविवारी आईने पाटोडीचा रस्सा केला, कांदा-लसूण न घालता, तुला चालावा म्हणून. लकडगंजला जाऊन नवी थाळी आणली, ज्यात आमच्यापैकी कोणी जेवलेलं नाही अशी. मला म्हणाली, पाहुणी हाय, तिले नवी बरी. आईला किती कळतं ते मला आजवर कळलेलं नाही. ती दारात बसली, गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली, की उठायची. दिवस कलला तेव्हा म्हणाली, उपास असंन वं तिचा. ती थाळी अजून कागदासकट फळीवर आहे. त्या पावसाळ्यात गल्लीतली पोरं तापली, तेव्हा बाया काढा मागायला आल्या, आणि आई रिकाम्या झाडाखाली उभी राहून त्यांना सांगत होती, की वेल मोठ्या कामासाठी गेली.

आणि त्या एवढ्या वेलीतून तुला काहीच मिळालं नाही! चिठ्ठीत तू लिहितेस, "दुप्पट वेळ रसकापरात ठेवून, तिप्पट काळजीने धुतलं, तरी आतून काही उगवत नाही." हे वाचून मी मोठ्याने हसले, आई स्वयंपाकघरातून पाहायला आली. अगं, इतकं धुतल्यावर रसकापूर आत मुरणार नाही का? तुमच्या विभागात घाणीची इतकी धास्ती, की बाहेरचं मारता मारता तुम्ही आतलंही मारलंत. कोवळ्या वेलीला थोडकंच धुणं पुरतं, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण विचारायला तू आली नाहीस, तोडायला आलीस. अशी तुकड्या-तुकड्याने सगळी वेल धुऊन संपवलीत. आणि आता नळीसाठी चंपतरावाला पाठवतेस. स्वतः का आली नाहीस? आईला तोंड दाखवावं लागलं असतं म्हणून?

चिठ्ठी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढा विचार काहून करून राहिली? देऊन टाक. तुले का त्याची भाजी करा लागते? कोनाचं लेकरू वाचलं तं बरंच हाय ना." मी म्हटलं, तिने तुझी वेल नेली. तर म्हणाली, "वेल माही होती, मी देल्ली. नळी तुही हाय, तू दे." चार दिवस माझ्या डोक्यात हेच. आमच्या शेजारच्या कांताबाईचा जावई पायातल्या गळवाने मेयो हॉस्पिटलात पडला आहे, कुठलंच इंजेक्शन लागू पडत नाही. त्याची बायको पोर काखेत घेऊन रोज आमच्या दारावरून जाते. अशी किती असतील. मला सगळं दिसतं, जया, मी आंधळी नाही. मोठ्या मनाची असते तर एव्हाना पार्सल कधीच तुझ्या टेबलावर असतं.

पार्सल आईने बांधलं आहे. काढ्याच्या पुड्या बांधायची तशी, नखाने सुटणारी गाठ. आत तिने स्वतःहून पुडी घातली, साबुदाण्याचे पापड, तिच्या हातचे. म्हणाली, उपासाले चालते तिले. माझी पोरगी जंतू देऊन राहिली, हे ती संध्याकाळपासून गल्लीत सांगत फिरते आहे.

आता ऐक. काल शनिवारी अर्धा दिवस भरल्यावर मी बिस्किटांचा डबा घरी आणला, सगळ्या नळ्यांसकट. त्या प्रेशर कुकरमध्ये उभ्या केल्या आणि शिट्टीवर शिट्टी होऊ दिली. आई बाहेरून ओरडत होती, किती शिट्ट्या होऊ देतं वं, दाळीचं पीठ होऊन जाईन. कुकर उघडला तेव्हा मी ओट्याला धरून पोटभर रडले, हेही तुला सांगते. एखादी नळी मागे ठेवली असती, तर आईच्या बोलण्याने मी उद्या-परवा विरघळून ती तुला दिली असती, म्हणून एकही ठेवली नाही. वितळलेलं आगर तिरकं ठेवून पुन्हा गोठवलं आणि त्यातली सर्वांत चांगली दिसणारी नळी तुझ्यासाठी काढली. जरा ढगाळ आहे, पण चंपतरावाला त्यातलं काय कळणार? आईला मी सांगणार नाही. तुला गुरुवारपर्यंत आपोआप कळलंच असतं, मग एवढं लांबलचक पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. तू प्रत्येक ओळीला आशा धरून इथपर्यंत यावंस म्हणून लिहिलं. मी त्या कपाटासमोरून रोज अशीच जायची, आज तरी ती बशी काढली असेल अशा आशेने. उद्या सकाळी इन्क्युबेटर उघड. पाच बोटं उगवलेली असतील, अंगठ्याचं जरा दाट. या पार्सलातलं जिवंत असं तेवढंच आहे, आणि ते सगळं तुझं आहे. कंपनीच्या माणसांना दाखवायला काही तरी हवंच आहे ना? खालची चिठ्ठी तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.

तुझीच, दुसऱ्या कोणाची व्हायचं राहून गेलेली,
गोपिका